टिचुकचा मिचुक हरवला

एक होतं गॅरेज. गॅरेजात होती निळी मोटार. तिचं इंजिन उघडलं होतं, आणि इंजिनाचं डोकं काढून टेबलावर ठेवलं होतं. हो, हो, हसताय काय? इंजिनालाही डोकं असतं! गॅरेजवाले त्याला हेड म्हणतात.

हेडमध्ये छोट्या छोट्या झडपा. झडप उघडते, झडप मिटते. झडपेवर बसते स्प्रिंग. स्प्रिंग उडू नये म्हणून तिला अडवून धरतात दोन इवलेसे लोखंडी तुकडे. एक टिचुक. एक मिचुक. करंगळीच्या नखाएवढे! टिचुक अर्धा, मिचुक अर्धा. दोघं मिळून झडपेला घट्ट मिठी मारून बसायचे.

एकदा गॅरेजवाले दस्तगीरचाचा झडपेचं जुनं रबर काढायला बसले. रबर काढायचं तर स्प्रिंग दाबायची. स्प्रिंग दाबताना वर फडकं टाकायचं. चाचा फडकं विसरले. झालं! स्प्रिंग सटकली. टिंग! मिचुक उडाला. टिंग, टिंग, टिंग! गेला थेट कपाटाखाली.

"अरे अरे अरे!" चाचा म्हणाले. "जोडी मोडली की! आता नवी जोडी आणायला पाहिजे. हा एकटा काय कामाचा? संध्याकाळी टाकतो भंगारात."

चाचांनी टिचुकला टाकलं एका ताटलीत. इकडे कोणी नाही, तिकडे कोणी नाही. त्याला फार फार वाईट वाटलं. पण रडत बसला का? छे! ताटलीतून उतरला आणि निघाला. टिडिक टिडिक, टिडिक टिडिक.

भेटला चुंबकदादा.

"चुंबकदादा, चुंबकदादा, मिचुकला ओढ ना!"

"का रे बाबा, काय झालं?"

"मिचुक पडला कपाटाखाली.
मी एकटा, मी अर्धा."

चुंबकदादा म्हणाला, "ओढीन की! पण माझ्या तोंडाला चिकटलाय चुरा. आधी चिंधीताईला पुसू दे. मग ओढीन."

टिडिक टिडिक, टिडिक टिडिक. भेटली चिंधीताई.

"चिंधीताई, चिंधीताई, चुंबकदादाला पूस ना!"

"का रे बाबा, काय झालं?"

"मिचुक पडला कपाटाखाली.
चुंबकदादा ओढत नाही.
मी एकटा, मी अर्धा."

चिंधीताई म्हणाली, "पुसेन की! पण मीच बघ किती कळकट. आधी रॉकेलकाकांना धुऊ दे. मग पुसेन."

टिडिक टिडिक, टिडिक टिडिक. भेटले रॉकेलकाका. डब्यात बसले होते.

"रॉकेलकाका, रॉकेलकाका, चिंधीताईला धुवा ना!"

"का रे बाबा, काय झालं?"

"मिचुक पडला कपाटाखाली.
चुंबकदादा ओढत नाही.
चिंधीताई पुसत नाही.
मी एकटा, मी अर्धा."

रॉकेलकाका डब्यातून म्हणाले, "धुईन की! पण झाकण बसलंय घट्ट. आधी पक्कडमावशीला उघडू दे. मग धुईन."

टिडिक टिडिक, टिडिक टिडिक. भेटली पक्कडमावशी.

"पक्कडमावशी, पक्कडमावशी, झाकण उघड ना!"

"का रे बाबा, काय झालं?"

"मिचुक पडला कपाटाखाली.
चुंबकदादा ओढत नाही.
चिंधीताई पुसत नाही.
रॉकेलकाका धूत नाहीत.
मी एकटा, मी अर्धा."

पक्कडमावशी म्हणाली, "उघडीन की! पण मला हातात कोण घेणार? आधी चाचांना हात हलवू दे. मग उघडीन."

टिडिक टिडिक, टिडिक टिडिक. टिचुक दमला बिचारा. चाचा बसले होते खुर्चीत, पाय पसरून.

"चाचा, चाचा, हात हलवा ना!"

"का रे बाबा, काय झालं?"

"मिचुक पडला कपाटाखाली.
चुंबकदादा ओढत नाही.
चिंधीताई पुसत नाही.
रॉकेलकाका धूत नाहीत.
पक्कडमावशी उघडत नाही.
मी एकटा, मी अर्धा."

चाचा म्हणाले, "हलवीन की! पण सकाळपासून चहा नाही, बाळा. आधी हौसाक्कांचा चहा येऊ दे. मग हलवीन."

टिडिक टिडिक, टिडिक टिडिक. कोपऱ्यावर हौसाक्कांची चहाची गाडी. हौसाक्का बसल्या होत्या गाल फुगवून.

"हौसाक्का, हौसाक्का, चहा आणा ना!"

"का रे बाबा, काय झालं?"

"मिचुक पडला कपाटाखाली.
चुंबकदादा ओढत नाही.
चिंधीताई पुसत नाही.
रॉकेलकाका धूत नाहीत.
पक्कडमावशी उघडत नाही.
चाचा हात हलवत नाहीत.
मी एकटा, मी अर्धा."

हौसाक्का म्हणाल्या, "आणीन की! पण रोज मी चहा नेते, आणि रोज सगळे म्हणतात, ठेवा आणि जा. मला बसा म्हणतं का कोणी? दिवसभर मी इथं एकटीच. आधी कोणीतरी बसा म्हणू दे. मग आणीन."

आता टिचुक कुठं जाणार? पुढं कोणीच नव्हतं. आणि एकटं बसलं की कसं वाटतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

तो म्हणाला, "हौसाक्का, तुम्ही या आणि बसा. माझ्या शेजारी बसा. माझ्या शेजारी खूप जागा आहे."

हौसाक्कांनी पदरानं डोळे पुसले. आणि उठल्याच!

हौसाक्कांनी चहा आणला, आणि टिचुकच्या शेजारी बसल्या. "बसा की अक्का, रोज बसत जा!" चाचा म्हणाले. चाचा चहा प्यायले. सुर्रर्र!
चाचांनी हात हलवला.
पक्कडमावशीनं झाकण उघडलं. करकच!
रॉकेलकाकांनी चिंधीताईला धुतलं. डुबुक डुबुक!
चिंधीताईनं चुंबकदादाला पुसलं. खसाखसा!
चुंबकदादा शिरला कपाटाखाली. टक्!

काय निघालं? खिळा! मिचुक नाहीच.

टिचुकचं तोंड एवढंसं झालं. चाचा म्हणाले, "थांब रे, अजून आत बघू." चुंबकदादा गेला आत, आणखी आत. टक्!

निघाला, निघाला! काळाकुट्ट, धुळीनं माखलेला मिचुक!

"किती उशीर केलास रे!" मिचुक म्हणाला. "मला वाटलं, तू मला विसरलास."

"वेडा की काय!" टिचुक म्हणाला.

चाचांनी मिचुकला धुतलं. नवं रबर बसवलं. स्प्रिंग दाबली, वर फडकं टाकून बरं का! इकडून टिचुक, तिकडून मिचुक. खट्ट! हेड चढलं इंजिनावर. किल्ली फिरली. धडधड, धडधड, निळी मोटार निघाली.

आत अंधार. आत गरम. आत केवढा आवाज!

"मिचुक, सोडू नकोस हं."

"नाही सोडत."

"मिचुक, सोडशील?"

"नाही रे बाबा! तूही घट्ट धर."

धडधड, धडधड, धडधड.