गिनीचा विस्तव

तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही दात फुटले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. सातपुड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर सात पाडे होते. तिथे थंडी अशी पडायची, की पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं व्हायचं आणि माणसाने तोंड उघडलं की आधी दातच बोलायचे. तुम्ही दोन-दोन गोधड्या घेऊन कुडकुडता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर अशा ऐन गारठ्यात, पौषाच्या पुनवेला सातही पाड्यांची जत्रा भरायची. देवापुढे नारळ फुटला की खेळ सुरू. टांगलेल्या भोपळ्यावर तीर मारायचा, माग पाहून जनावर ओळखायचं, एका घावात बांबू उभा चिरायचा. आणि सगळ्यांत शेवटी आगीची शर्यत. माळावर यायचं ते चकमक आणि एक मडकं घेऊन. बाकी काटकी, पाणी, सगळं रानातून. आग पेटवायची आणि पाणी उकळायचं. मडक्याला उकळी फुटली की कारभारी तिथे जाऊन एकच विचारायचा, "आग कोणाची?" ज्याचं नाव येईल तो जिंकला. त्याने सात पाड्यांकडे एक गोष्ट मागायची आणि पाड्यांनी ती द्यायची, असा रिवाज होता.

त्या साली शर्यतीत गिनी नावाची बाई उभी राहिली. ती इथली नव्हे. खाली नदीने तिचं घरदार नेलं, तेव्हा म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन ती डोंगर चढून आली होती. झोपडीपुरती जागा द्या म्हणून सातही पाडे फिरली. सगळ्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. डोंगर आम्हालाच पुरत नाही, म्हणाले. मग मायलेकी कड्याच्या कपारीत राहू लागल्या. म्हातारीचा खोकला काही थांबेना. आणखी एक हिवाळा ती कपारीत काढणार नाही, हे गिनीला पक्कं ठाऊक होतं. शर्यतीला मात्र कुणालाही मज्जाव नव्हता.

जत्रेच्या दिवशी धुकं असं उतरलं की लाकूड न् लाकूड भिजून गेलं. सगळे चकमक झाडून झाडून दमले. फाद्या म्हणून एक जण होता, मोठ्या मिशांचा, लागोपाठ तीन साल जिंकलेला. त्याच्याही हाताला फोड आले, पण धूर निघेना.

गिनी लाकडं वेचायला गेलीच नाही. ती ओढ्याकाठच्या बोरीकडे गेली आणि तिथे लटकलेला सुगरणीचा रिकामा खोपा काढून घेतला. वरून ओला, आतून कोरडा ठणठणीत. मग उभा वाळलेला बांबू चिरून आतल्या साली काढल्या. दुसऱ्या ठिणगीला जाळ झाला, असं म्हणतात.

मडक्यातून नुकती वाफ निघायला लागली, तोच रातीबाई आली. सातही पाड्यांतली सगळ्यांत थकलेली म्हातारी, शर्यतीशी तिचा काही संबंध नाही. हातात फुटकं खापर.

"पोरी, थोडा विस्तव दे गं. बोटं माझी राहिली नाहीत."

आता डोंगरात काहीही नाकारावं, विस्तव नाकारू नये. वैऱ्यालाही नाही. गिनीने मडक्याकडे पाहिलं आणि दोन चांगले निखारे खापरावर ठेवले. झालं. एकीला दिले आणि रांग लागली. लेकुरवाळ्या आल्या, म्हातारे आले. शेवटी तर शर्यतीतलेही चकमक खिशात घालून खापर पुढे करू लागले.

"दे, दे, वाटून टाक," शेजारी बसवलेली गिनीची आई घोंगडीतून म्हणाली. "मग बसू दोघी कपारीत बोंबलत."

"आई, विस्तव मागतायत. नाही कसं म्हणू?"

आईने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. लेकीला हे तिनेच शिकवलेलं होतं.

बघता बघता माळावर शंभर शेकोट्या झाल्या. असं म्हणतात, त्या उबेने दव वितळून ओढ्याला पाणी वाढलं, पौषात आंब्याला कैऱ्या धरल्या आणि एक बिबट्या माळाच्या कडेला येऊन निवांत शेकत बसला. कुणी त्याला हाकललंही नाही. पण गिनीच्या चुलीत उरली राख. मडक्याची वाफ बंद झाली. तिकडे फाद्याचा जाळ एकदाचा पेटला आणि त्याचं पाणी गुणगुणायला लागलं. गिनीने डोळे पुसले. कुणी विचारलं तर म्हणाली, धूर गेला.

इतक्यात उकळी फुटली, रातीबाईच्या मडक्याला. तिने पेजेसाठी एवढंसं पाणी ठेवलं होतं. कारभारी सवयीने तिथे गेला. "आग कोणाची?"

"गिनीची."

"पण आजी, तू शर्यतीत कुठे आहेस?"

"मी नाहीच. पण तू आगीचं विचारलंस ना?"

कारभारी डोकं खाजवतोय, तोवर शेजारचं मडकं उकळलं. आग कोणाची? गिनीची. मग तिसरं, मग पाचवं. फाद्याच्या पाण्याला उकळी येईपर्यंत गिनीचं नाव अकरा वेळा घेऊन झालं होतं. सगळा माळ फाद्याकडे बघायला लागला. भांडायचा त्याला हक्क होता.

फाद्याने मिशीवरून हात फिरवला. "कारभारी, तिचीच जीत आहे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? मघाशी मीही खापर उचललं होतं. मिशी आडवी आली."

असा हशा पिकला, की बिबट्याही दचकून उठला म्हणे.

"माग बाई, काय मागायचं ते," कारभारी म्हणाला.

"चुलीपुरती जागा," गिनी म्हणाली.

मग काय, गिनी आमच्याकडे राहणार म्हणून सातही पाडे भांडायला उठले. काल वाटेला लावणारेच सगळ्यांत पुढे. शेवटी माळाच्या मधोमध तिचं घर उठलं, कुडाच्या भिंती सारवायला सगळ्या पाड्यांच्या बायका आल्या. आई त्यानंतर वीस हिवाळे जगली आणि वीसही हिवाळे लेकीला बोलत राहिली. गिनीची चूल चाळीस वर्षं विझली नाही. ती गेली त्या सकाळी सातही पाड्यांच्या चुली फुंकर न मारता पेटल्या, असं म्हणतात.

आजही त्या डोंगरावर बाहेरचं कुणी राहायला आलं, की घराघरातून बायका खापरावर निखारे घेऊन निघतात. "हा गिनीचा," एवढंच म्हणून नव्या चुलीत ठेवतात. नाव, गाव, कुळ ते मग विचारतात, चूल पेटल्यावर.