डालग्याखाली दडवलेली कबरी

आज्याच्या आज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, रानाला लागून असलेल्या एका वाडीत ठकूबाई नावाची एकटी बाई राहायची.

आदल्या साली कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि तिचं खुराडं रिकामं झालं. उरल्या दोनच, काळी आणि ठिपक्यांची कबरी. आता पिल्लं जगली तर चूल पेटणार, नाहीतर दारोदार फिरायची पाळी.

आणि माणसाचं मन बघा! काळी मुलखाची भांडखोर, म्हणून नावडती. कबरी मात्र काळजाचा तुकडा.

एक दिवस वैद्यबुवा मानमोडीचं औषध घेऊन आले. ते काट्याने कोंबडीच्या पंखात टोचायचं असतं. "दोन दिवस मलूल होईल," ते म्हणाले, "पण पुढं तिच्या अंड्यातून पिल्लांनाही बळ जाईल."

ठकूबाईची नजर कबरीकडे गेली. कबरीला काटा? मेलीबिली तर? तिने कबरीला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली दडवलं आणि काळीला पुढं केलं. "एवढी एकच आहे हो, बुवा!"

महिन्याभराने काळी खुडूक झाली, अंडी उबवायला बसू लागली. ठकूबाईने तिच्याखाली नऊ अंडी कबरीची ठेवली, तीन काळीची. बसणारी टोचलेली आहे, तिच्या उबेनं सगळी तरतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

बारा पिल्लं निघाली, नऊ ठिपक्यांची, तीन काळी. आठव्या दिवशी पलीकडच्या वाडीत कोंबडा आरवला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीत नाही. ठकूबाई कान देऊन बसायची आणि रोज एक आवाज कमी व्हायचा. मानमोडी परत आली होती.

मग कबरीचीच मान वाकडी झाली. संध्याकाळपर्यंत ती गेली. पाठोपाठ ठिपक्यांची पिल्लं एकेक करून मान टाकू लागली. अगं बाई, नऊच्या नऊ गेली! काळी तीन तेवढी चिवचिवत राहिली.

ठकूबाई रडत वैद्यांकडे धावली. "बुवा, ऊब तर सगळ्यांना एकच होती हो! मग नऊ गेली आणि तीनच कशी जगली?"

"बाई, ऊब बसणारीची, पण बळ अंडं घालणारीचं. ते बलकातून पिल्लात उतरतं. दुसरी कोंबडी होती ना तुमच्याकडे?"

"लपवली मी," ठकूबाई हुंदका देत म्हणाली. "जीव होता माझा तिच्यावर."

"आता ऐका. उरलेल्या तीन पिल्लांना मिळालेलं बळही थोड्याच दिवसांचं. ते सरायला लागलं की त्यांनाही टोचायचं."

त्या साली ठकूबाईला शेजारणीच्या दारी भाकरी मागावी लागली. पण वैद्यबुवा पुन्हा आले, तेव्हा तिने तिन्ही पिल्लांचे पंख स्वतः काट्यापुढे धरले.

म्हणून लहानथोरांनो, लेकरं वाचवायची असतील तर भिऊन आईला लपवू नका, आधी तिला बळ द्या.