जावईबापूंचं तेहतीस हजारांचं वाण

निंबगडचे जावईबापू रुसले! अधिक महिना लागला, वाण घ्यायला ते सासुरवाडीला आले, आणि आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून बसले.

"अनारसे नकोत, चांदीचा दिवा नको," जयध्वजराव भिंतीला म्हणाले. "मला खेळ खेळायचा संगणक हवा. आयुष्यातला पहिला! त्यातला भागन् भाग बाजारात सर्वांत भारी हवा!"

राजे दौलतराव यांची दौलत नावापुरतीच सढळ होती. "आजोबांचा नियम आहे," ते म्हणाले. "अधिकाचं वाण तेहतीसच्या हिशेबात. तेहतीस हजार! वर छदामही नाही!"

कारभाऱ्यांनी चौकशी केली. पडद्यावर चित्रं पळवणारं सर्वांत भारी ग्राफिक्स कार्ड एकटंच या रकमेच्या पाचपट निघालं. कारभाऱ्यांनी सखोल विचार करून अभिप्राय दिला, की विषय गंभीर आहे.

खांबाआडून कुणीतरी खुदकन हसलं.

"कोण हसलं?" राजे गरजले.

सरबताचं तबक घेऊन बकुळा पुढे आली. मुदपाकखान्यातल्या नरहरी आचाऱ्याची मुलगी.

"हसतेस? मग तूच आण संगणक! ही घे थैली. जावईबापूंनी भर दरबारात स्वतःच्या तोंडानं 'उत्तम' म्हटलं पाहिजे. नाही म्हटलं, तर तुझा बाप उद्यापासून आपल्या घरी स्वयंपाक करील!"

"घरी आई त्यांना चुलीजवळ फिरकू देत नाही, महाराज," बकुळा म्हणाली खरी, पण ही वेळ थट्टेची नव्हती. मागच्या अधिकात अनारशाला जाळी कमी पडली म्हणून जावईबापू रुसले होते आणि नरहरीचा पगार कापला गेला होता. आता नोकरीच गेली, तर मुदपाकखान्यामागची राहती खोलीही जाणार.

तबक खाली ठेवून ती विचार करू लागली. या माणसाला आजवर आवडलं तरी काय? आयतं मिळालेलं काहीच नाही. स्वतःच्या खिशातून त्यांनी एकदाच पान घेतलं होतं. तेव्हा मात्र चुना कमी लावला तर किती पैसे कमी होतील, हे आधी विचारून घेतलं होतं.

बकुळा थेट जावईबापूंच्या दालनात गेली.

"सरकार, बाजारात चला. भाग तुम्हीच निवडा."

"थैली कुणाकडे?" भिंतीनं विचारल्यासारखा आवाज आला.

"तुमच्याकडे. उरेल ते तुमचं!"

जावईबापू गर्रकन वळले. "सगळं?"

"पै न् पै! फक्त संध्याकाळी दरबारासमोर, त्याच संगणकावर, ताईसाहेबांशी रथांच्या शर्यतीचा खेळ खेळायचा."

"आमच्या मंडळींशी? हात्तिच्या! चल!"

संगणकाच्या दुकानात पोपटशेटनं आधी भाग बसवायचा काचेचा कॅबिनेट पुढे केला. आत लाल-निळे दिवे भुकभुकत होते.

"दिव्यांनी रथ पळतो का?" जावईबापूंनी विचारलं.

"पळत नाही, पण शोभा येते."

"शोभा तुझ्या दुकानात असू दे! तो साधा जाळीचा काढ. हवा खेळती राहील."

"ग्राफिक्स कार्ड भारीतलं देऊ?"

"मधलं दे. वापरलेलं चांगलं असेल तर चालवून दाखव."

"प्रोसेसर तरी भारी घ्या!"

"एका जुवाला हत्ती आणि बोकड जुंपतोस काय रे? कार्डाच्या जोडीला शोभेल असा दे!"

सकाळी भागन् भाग भारी मागणारे हेच का गृहस्थ, म्हणून बकुळानं एकदा डोळे चोळून पाहिलं. एवढ्यात जावईबापूंनी कोपऱ्यातला एक बिननावाचा पॉवर सप्लाय उचलला. "हा बरा स्वस्त आहे!"

"घ्या की, सरकार," बकुळा म्हणाली. "वीज तिथूनच साऱ्या भागांना जाते. धूर निघालाच, तर दरबाराला वाटेल धूप घातलाय. ताईसाहेबांचा रथ तेवढा पुढे निघून जाईल."

जावईबापूंनी तो इंगळाला हात लागावा तसा खाली ठेवला आणि चांगल्यातला घेतला.

सगळं जमलं तेव्हा थैलीत चार हजार उरले होते. ते बंडीच्या आतल्या खिशात गेले.

संध्याकाळी दरबार भरला. ताईसाहेब माहेरच्या जुन्या संगणकापाशी बसल्या, जावईबापू नव्यापाशी. रथ सुटले! धुळीचा कणन् कण दिसत होता, चित्र कुठं म्हणून अडखळत नव्हतं. जावईबापू पुढे, ताईसाहेब मागे... आणि शेवटच्या वळणावर जावईबापूंचा रथ घोड्यांसकट खड्ड्यात!

दरबारानं उपरण्यांचे बोळे तोंडात कोंबले. जावईबापूंचे गाल फुगले, मान भिंत शोधू लागली.

"हा संगणकच मुळी..."

"काय झालं, सरकार?" बकुळा लगबगीनं पुढे आली. "कुठला भाग हलका निघाला? आत्ता बदलून आणते! त्या उरलेल्या पैशांत..."

जावईबापूंचा हात चटकन खिशावर गेला.

"भाग? छे, छे! भाग उत्तम आहेत!"

"आणि संगणक?"

"उत्तम!"

"मागच्या रांगेला ऐकू नाही आलं, सरकार."

"उत्तम! उत्तम! त्रिवार उत्तम! वळण मी चुकलो!"

ताईसाहेब पदराआड हसत होत्या. राजे मात्र बकुळावर डोळे वटारून बसले होते. "उरलेले पैसे? किती?"

"चार हजार, महाराज."

"आणि ते त्यांच्या खिशात?"

"मागच्या अधिकात चांदीचा दिवा गेला, महाराज, आणि रुसवा इथंच राहिला. यंदा चार हजारांत रुसवासुद्धा गेला! शिवाय वाण जाळीचं लागतं, तेही जाळीचंच झालं."

राजे आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "नरहरीची नोकरी कायम! कापलेला पगारही द्या! आणि पोरी, ही दुसरी थैली घे. तूही तुझा पहिला संगणक घे. उरेल ते मात्र खजिन्यात परत!"

"मग काहीच उरायचं नाही, महाराज!"

राजे इतके हसले, की पगडी घरंगळून कारभाऱ्यांच्या मांडीवर पडली. डोळे पुसत ते म्हणाले,

"बरं बाई, उरेल ते तुझं!"