मेघदंताचे रांजण

एका राज्यात शब्द हरवू लागले.

आधी बारीकसारीक शब्द गेले. करवंदाच्या जाळीपुढे पोरे उभी राहिली, हात पुढे झाले, तोंडे उघडली, पण त्या काळ्या फळाला काय म्हणतात ते कुणालाच आठवेना. दिवस मावळेपर्यंत जाळीवरची फळेही नाहीशी झाली. मग 'उंबरठा' गेला. घर कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते उमजेना. परक्यांची गुरे माजघरात येऊन रवंथ करू लागली. मग 'उद्या' गेला. त्या दिवशी लोकांनी बियाण्याचे धान्यसुद्धा दळून खाल्ले, कारण ते कशासाठी राखायचे हे कुणाला सांगता येईना. त्या सृष्टीचा नियमच तसा होता. शब्द गेला की त्याची जागा आधी मनातून पुसली जाई, मग जगातून.

आणि एके सकाळी नात्यांचे सगळे शब्द गेले. मुले रडत होती, पण कुणाला हाक मारून रडावे ते त्यांना कळेना. बाया दारांत उभ्या होत्या, पण कोणत्या मुलाकडे धावावे ते त्यांना कळेना. राजा धृतवर्मा सिंहासनावरून उठला, राणी सुवर्चलेला त्याने हात जोडले आणि अदबीने विचारले, "बाई, आपण कोणत्या गावच्या? येथे कोणाकडे आलात?"

 राणीला मात्र सारे आठवत होते. ती डोंगरापलीकडची, तिच्या माहेरची भाषा निराळी, आणि त्या भाषेला अजून कुणी हात लावला नव्हता. नवऱ्याला तिकडे 'सोबीर' म्हणत. तिने तो शब्द मनातल्या मनात उच्चारला, आणि समोरचा पुरुष आपलाच आहे हे तिला पुन्हा पक्के कळले.

"महाराज, मी जाऊन येते," ती म्हणाली. "तोवर माझी जागा राखून ठेवा."

"कोणती जागा, बाई?"

 राणी तशीच निघाली.

वेशीच्या कमानीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राणी, हे मेघदंत जादूगाराचे काम. काळ्या कड्यातल्या गुहेत त्याचे रांजण आहेत, त्यांत तुमचे शब्द आहेत. वाटेत नदी आहे, ती हलली तर पार होशील. दारात यक्ष आहे, तो निवला तर आत जाशील. आत जादूगार काही मागेल, ते दिलेस तर परत येशील."

"तुझे शब्द कसे राहिले?"

"मी दुसऱ्यांचेच बोलते, बाई. माझे होते कुठे, की तो नेईल?"

राणी नदीशी पोचली. नदीचे 'वाहणे' गेले होते. शिशाच्या पत्र्यासारखी ती पडून होती, आणि नावा तिच्यात रुतून बसल्या होत्या. राणी काठावर बसली. लहानपणी आई ओढ्याला हाक मारी तशी तिने माहेरच्या भाषेत हाक मारली, "इरू! अगं इरू!"

पाणी शहारले. "हे माझे नाव नव्हे," नदी म्हणाली. "पण मला कुणी हाक मारली, एवढे पुरे." आणि दुभंगून तिने वाट दिली.

कड्याच्या दारात यक्ष आपल्याच छातीवर गदा हाणीत होता. "मला काहीतरी होते आहे!" तो ओरडला. "काय होते आहे?"

राणीने भाकरी पुढे केली. त्याने ती भिरकावली. म्हणजे भूक नव्हे.

"माझा राग आला आहे का?"

"तुझा कशाला येईल? तू तर आत्ता आलीस."

"माझ्याआधी तुझ्याशी कोण बोलले होते?"

यक्षाची गदा हातात तशीच राहिली. "कोणी नाही," तो म्हणाला. "कधीपासून कोणीच नाही."

"आमच्याकडे याला 'हुरण' म्हणतात," राणी हळूच म्हणाली. "माणसांतून तुटल्यावर होते ते."

"हुरण," यक्ष पुटपुटला. तो खाली बसला, पोटभर रडला, आणि डोळे पुसून त्याने दार उघडले.

आत रांजणांच्या ओळी होत्या. त्यांची तोंडे फडक्यांनी बांधलेली होती आणि आत शब्द मधमाश्यांसारखे गुणगुणत होते. चुलीपाशी पांढऱ्या भुवयांचा मेघदंत बसला होता.

"आमचे शब्द का नेलेस?" राणीने विचारले.

"मला एकच शब्द उपटायचा होता. तो सलत होता. वाटले, शब्द गेला की सलही जाईल. पण शब्द हरळीसारखे असतात, राणी. एकाचे मूळ दुसऱ्यात. एक ओढला, दहा आले. दहा ओढले, राज्य आले."

"आणि सल गेला?"

"नाही. आता त्याला तोंडही उरले नाही. आतल्या आत फिरतो." जादूगार उठला. "त्याला एक शब्द दे. दिलास तर रांजण तुझे. नाहीतर तुझ्या माहेरची भाषाही माझी."

राणीने गुहेत नजर फिरवली. चुलीपाशी दोन पाट मांडले होते, एक थोरला, एक अगदी धाकटा. धाकट्यावर धूळ नव्हती. कोणीतरी तो रोज पुसत होते. राणीला सगळे समजले. तिने दोन्ही भाषा धुंडाळल्या. त्या सलाला पुरेल असा शब्द एकीतही नव्हता.

"एक शब्द माझ्याजवळ नाही," ती म्हणाली.

मेघदंताने हात उगारला. राणीच्या ओठांवरून माहेरचा एकेक बोल गळू लागला. 'सोबीर' गळण्याआधी ती घाईने म्हणाली, "हा धाकटा पाट कोणाचा?"

उगारलेला हात हवेतच थांबला.

"हा..." जादूगार म्हणाला आणि अडला. तो एका रांजणाकडे गेला, त्याने फडके सोडले. आतून शब्द उडाला. "माझ्या मुलीचा."

"कशी होती?"

"तिला आवडायची..." दुसरे फडके सुटले. "जांभळे. जीभ काढून दाखवायची मला. तिला 'ळ' म्हणता येत नसे. 'जांभूय' म्हणायची." सांगता सांगता तो हसला, आणि 'हसू'चा रांजण आपोआप फुटला. "चंद्र मागे येतो म्हणून त्याला दटावायची. जा तुझ्या आईकडे, म्हणायची."

राणी थोरल्या पाटाशेजारी जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली. म्हातारा बोलत होता. चंद्रासाठी आभाळाचा रांजण उघडावा लागला, आभाळासाठी पाखरांचा, आईसाठी घराचा. उन्हे कलली तरी तो थांबला नाही. गुहेच्या तोंडातून शब्दांचे थवे राज्याकडे निघाले.

शेवटी कोपऱ्यात एक रांजण उरला. त्याची गाठ म्हाताऱ्याला सुटेना. राणीने फडक्याचे एक टोक धरले, दुसरे त्याने धरले.

"ती मेली," मेघदंत म्हणाला. "माझी कादंबिनी मेली."

आणि तो लहान मुलासारखा रडला. शब्दांवरची जादू तेव्हाच तुटली.

राणी परतली तेव्हा नदी खळाळत होती आणि नावा पलतीराला लागल्या होत्या. गावात हाकांचा नुसता गलबला उठला होता. ज्याला जे नाते सापडले ते तो मोठ्याने म्हणून पाहत होता. राजा अनवाणी वेशीपर्यंत धावत आला.

"सुवर्चले!" तो म्हणाला. पुढे त्याला काही बोलवेना. आता सारे शब्द होते, तरीही बोलवेना. तिने त्याचा हात हातात घेतला.

मेघदंत कड्यावरच राहिला. यक्षही त्याच्या सोबतीला राहिला. त्या मुलखात कुणाचे मूल गेले की ते आईबाप कडा चढून जात. म्हातारा त्यांना सांत्वनाचे काही बोलत नसे. पाणी देई, समोर बसे आणि विचारी, "कसे होते? सांगा." मग त्यांचे सांगून संपेपर्यंत तो उठत नसे.

त्या राज्याचे बोल त्याला मिळाले, तसे अडलेले बोल ज्याच्या त्याच्या ओठी येवोत, आणि ऐकणारे माणूस जवळ असो.