चाक सरकेना, खोबरं सुटेना

एक होती चिचुंद्री. एवढीशी. नाक मात्र लांबच लांब. नाक आधी पोचायचं, चिचुंद्री मागून पोचायची.

तिला होती तीन पिल्लं. थोरलं, मधलं आणि धाकटं. बाहेर निघाली, की पिल्लं आगगाडी करायची. थोरलं धरायचं आईची शेपटी. मधलं धरायचं थोरल्याची शेपटी. धाकटं धरायचं मधल्याची शेपटी.

आणि धाकट्याची शेपटी? ती धरायला कुणीच नाही. ती आपली नुसती हलायची. वळवळ, वळवळ.

दौलूनानांच्या अंगणात एक छप्पर होतं. छपराच्या कोपऱ्यात चिचुंद्रीचं बीळ. बिळात गादी. मऊ मऊ. लाल काठाची. गादी कुठून आणली? ते आत्ता नाही सांगायचं.

त्याच छपराखाली नानांची मोटार राहायची. म्हातारी मोटार. किती गावं फिरली! किती घाट चढली! तिच्या मैलांचे आकडे फिरून फिरून संपले. पुन्हा सगळी शून्यं झाली. तेव्हापासून मोटारीला वाटायचं, आपण आत्ताच जन्मलो. आपण तान्हं बाळ!

तान्ह्या बाळाला लागतं दूध. मोटारीला लागायचं ऑइल. आज प्यायची. उद्या पुन्हा मागायची. आणि मागून निळा निळा धूर सोडायची. फुस्स!

गोजाकाकू म्हणायच्या, "अहो, तुमची मोटार पेट्रोल चाखते आणि ऑइल पिते!"

नाना म्हणायचे, "पिऊ दे गं. तिचे लाड आपण नाही करायचे, तर कुणी?"

एक दिवस काय झालं? नाना-काकूंना जायचं होतं बारशाला. नानांनी नेसलं पांढरं धोतर. काकूंनी नेसलं नवं लुगडं. काकू मोटारीत जाऊन बसल्या. मांडीवर पिशवी. पिशवीत बाळाचं टोपडं.

नानांनी मोटारीपुढं नारळ फोडला. फट्!

काकूंनी खिडकीतून एक तुकडा टाकला. "घे गं चिचुंद्रीबाई, तुझा वाटा!"

खोबरं पडलं. टण्! खोबरं उडालं. टुणुक! खोबरं घरंगळलं. गडगड गडगड... आणि अडकलं. कुठं अडकलं? पुढं चाक, मागं दगड. मध्ये खोबरं.

चिचुंद्री आली. तुरु तुरु तुरु. खोबरं ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. निघेना. बिळातून पिल्लं ओरडली, "आई, भूक! आई, भूक!"

चिचुंद्री चाकाला म्हणाली,

"चाका, चाका, सरक ना.
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

चाक म्हणालं, "मी नाही सरकत. मोटारीचा ब्रेक ढिला. मागं आहे दगड, म्हणून मी उभं. मोटार पुढं निघाली, तरच मी सरकतो. जा!"

चिचुंद्री गेली मोटारीकडं. तुरु तुरु तुरु.

"मोटारबाई, मोटारबाई, निघ ना.
चाक काही सरकेना,
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

मोटार म्हणाली, "शी! कसला गं हा वास?"

चिचुंद्री म्हणाली, "मीही तेच विचारणार होते!"

मोटार म्हणाली, "मी तान्हं बाळ. मला भूक लागली. डब्यातलं ऑइल पोटात पडल्याशिवाय मी नाही निघत. जा!"

चिचुंद्री गेली ऑइलच्या डब्याकडं. तुरु तुरु तुरु.

"डब्या, डब्या, वाक ना.
मोटार काही निघेना,
चाक काही सरकेना,
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

डबा होता गोल गोल. पोट पुढं काढून बसला होता. म्हणाला, "मी वाकलो, तर ऑइल सांडेल. इकडं सांडेल, तिकडं सांडेल. नरसाळं आल्याशिवाय मी नाही वाकत. जा!"

चिचुंद्री गेली नरसाळ्याकडं. तुरु तुरु तुरु. नरसाळं उंच खिळ्यावर लटकलं होतं. वर तोंड मोठं. खाली तोंड छोटं.

"नरसाळ्या, नरसाळ्या, उतर ना.
डबा काही वाकेना,
मोटार काही निघेना,
चाक काही सरकेना,
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

नरसाळं म्हणालं, "मला का पाय आहेत? नानांनी उठून मला काढल्याशिवाय मी नाही उतरत. जा!"

चिचुंद्री गेली नानांकडं. तुरु तुरु तुरु. नाना बसले होते ओट्यावर. गालाला हात लावून.

"नाना, नाना, उठा ना.
नरसाळं काही उतरेना,
डबा काही वाकेना,
मोटार काही निघेना,
चाक काही सरकेना,
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

नाना म्हणाले, "कसा उठू गं बाई? ऑइल कमी पडलं, तर मोटार रुसते. जास्त झालं, तर ओकते. किती घालायचं, ते पट्टीला ठाऊक. पट्टी खरं बोलल्याशिवाय मी नाही उठत. जा!"

मोटारीतून काकू ओरडल्या, "अहो, आपण पोचेपर्यंत बाळ चालायला लागेल!"

नाना म्हणाले, "मग बरंच झालं. ते येईल आपल्याला आणायला."

चिचुंद्री गेली पट्टीकडं. तुरु तुरु तुरु. पट्टी म्हणजे लांब लांब, बारीक बारीक. मोटारीच्या पोटात बुडून बसलेली. पोटात ऑइल किती, ते तीच सांगायची.

"पट्टी, पट्टी, बोल ना.
नाना काही उठेनात,
नरसाळं काही उतरेना,
डबा काही वाकेना,
मोटार काही निघेना,
चाक काही सरकेना,
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

पट्टी म्हणाली, "ऑइल? भरपूर! काठोकाठ!"

"खरं?"

"छे, खोटं!" पट्टी म्हणाली. "माझं अंग बघ. वरपासून खालपर्यंत ऑइलनं माखलंय. मऊ फडक्यानं मला पुसा. पुन्हा बुडवा. मग बाहेर काढा. फडक्यानं पुसल्याशिवाय मी खरं नाही बोलत. जा!"

फडकं! फडक्याचा खिळा कुठाय? हा इथं. फडकं कुठाय? फडकं नाही. खिळा रिकामा.

नानांनी बघितलं आपल्या धोतराकडं. पांढरं पांढरं. छे! नानांनी बघितलं गोणपाटाकडं. खरखरीत. त्याचे धागे पट्टीला चिकटायचे. छे! मग नानांनी हळूच बघितलं काकूंच्या पदराकडं.

काकू म्हणाल्या, "खबरदार! नवं लुगडं आहे!"

चिचुंद्री गेली काकूंकडं. तुरु तुरु तुरु.

"काकू, काकू, फडकं द्या ना.
पट्टी खरं बोलेना,
नाना काही उठेनात,
नरसाळं काही उतरेना,
डबा काही वाकेना,
मोटार काही निघेना,
चाक काही सरकेना,
खोबरं माझं सुटेना,
पिल्लं काही ऐकेनात!"

काकू म्हणाल्या, "कुठून देऊ? एक छान फडकं होतं. कुणीतरी पळवलं गं."

"पळवलं?" चिचुंद्रीला आला राग. नाक झालं लाल. "कोण बाई ती चोरटी? सापडू दे मला. शेपटीच ओढते तिची!"

"ओढ हं," काकू म्हणाल्या. "माझ्या जुन्या लुगड्याचं होतं. मऊ मऊ."

"मऊ मऊ?"

"लाल काठाचं."

चिचुंद्रीनं बिळाकडं बघितलं. नाक थरथरलं. थर थर थर.

"काकू... त्याला ऑइलचा वास यायचा का हो?"

"यायचा की!"

"मी आलेच," चिचुंद्री म्हणाली.

काकू गालात हसल्या.

चिचुंद्री कुठं गेली? बिळात गेली. तुरु तुरु तुरु. बिळात गादी. मऊ मऊ. लाल काठाची. गादीवर पिल्लं.

चिचुंद्री म्हणाली, "उठा रे बाळांनो. ही गादी द्यायची आहे."

थोरलं म्हणालं, "आधी खोबरं. खोबरं दिल्याशिवाय मी नाही उठत."

मधलं म्हणालं, "खोबरं दिल्याशिवाय मीही नाही उठत. जा!"

आता झाली का पंचाईत! गादी दिल्याशिवाय खोबरं सुटेना. खोबरं दिल्याशिवाय गादी निघेना. चिचुंद्री मटकन खाली बसली. जाणार तरी कुणाकडं? आता पुढं कुणी उरलंच नव्हतं.

डोळ्यांतून पाणी आलं. नाक लांब ना! पाणी घरंगळत घरंगळत टोकाशी आलं. टप्!

ते पडलं धाकट्याच्या डोक्यावर.

धाकट्यानं वर बघितलं. भूक तर त्यालाही लागली होती. पण धाकटं उठलं. गादीवरून खाली उतरलं. टुणुक!

"आई, घे फडकं. मी उठलो."

"खोबऱ्याच्या आधी?"

"हो. पण एक कर. फडकं माझ्या शेपटीला बांध. माझी शेपटी कुणीच धरत नाही."

मग काय! थोरलं उठलं. मधलं उठलं. चिचुंद्रीनं फडक्याचं टोक धाकट्याच्या शेपटीला बांधलं. आणि निघाली आगगाडी. पुढं आई. आईच्या मागं थोरलं. थोरल्याच्या मागं मधलं. मधल्याच्या मागं धाकटं. आणि धाकट्याच्या मागं लाल काठाचं फडकं. सर सर सर, सर सर सर.

नाना बघतच राहिले. "अगं गोजा, हे बघ! चोर स्वतःहून आला. तोही चोरीचा माल घेऊन!"

चिचुंद्रीनं मान खाली घातली. "नाना, थंडी होती हो. पिल्लं कुडकुडत होती."

काकू म्हणाल्या, "आता शेपटी कुणाची ओढायची गं?"

चिचुंद्रीनं आपली शेपटी आपणच ओढली. जरा हळूच ओढली.

फडक्यानं पट्टी पुसली. सुर्रर्र!
पट्टी पोटात बुडली. डुबुक!
पट्टी बाहेर आली. पट्टी खरं बोलली, "तळाला! ऑइल अगदी तळाला!"
नाना उठले.
नरसाळं उतरलं.
डबा वाकला. गुडगुड गुडगुड गुडगुड.
"बास!" पट्टी म्हणाली. "आता कमी नाही, जास्त नाही!"
मोटार म्हणाली, "ढेऽऽकर!"

काकू मोटारीतून उतरल्या. फडकं हातात घेतलं. मधोमध फाडलं. टर्रर्र! अर्धं टांगलं खिळ्यावर. अर्धं बांधलं धाकट्याच्या शेपटीला.

"हे नानांचं. हे तुमचं. पुन्हा हवं असलं, की मागायचं. पळवायचं नाही. काय?"

"नाही," चिचुंद्री म्हणाली.

"आणि तुम्ही हो," काकू नानांना म्हणाल्या, "आधी पट्टी बघायची. मग नारळ फोडायचा. काय?"

"नाही," नाना म्हणाले. मग म्हणाले, "हो, हो!"

नाना बसले. काकू बसल्या. घर्र... घर्र... घुर्रर्र!
मोटार निघाली.
चाक सरकलं.
खोबरं सुटलं. टुणुक!

चिचुंद्रीनं खोबरं तोंडात धरलं आणि आगगाडी वळवली बिळाकडं. तेवढ्यात मोटारीनं सोडला निळा निळा धूर. फुस्स!

आई शिंकली. आक्‌छी! खोबरं पडलं. पुन्हा उचललं.
थोरलं शिंकलं. आक्‌छी!
मधलं शिंकलं. आक्‌छी!
धाकटं शिंकलं. आक्‌छी! आणि शेपटीचं फडकं उडालं वर, पडलं खाली. फडफड फडफड.

बिळात गेल्यावर गादी घातली. अर्धीच होती. पिल्लं जवळ जवळ बसली. खोबऱ्याचा पहिला घास कुणाला मिळाला, सांगा बघू?

धाकट्याला!

मोटार पोचली बारशाला, खोबरं पोचलं बिळाला, आणि गोष्ट पोचली आपल्या उशाला.