बुरशीच्या पाठीवरून

फार जुनी गोष्ट आहे. माळावरच्या एका ढेकळात चिमी नावाची जिवाणू आपल्या लेकरांसह राहत होती. ढेकळातली ओल आटत चालली होती. वीतभर अंतरावर हरभऱ्याचं मूळ होतं आणि तिथली माती ओलसर होती. पण जिवाणूंना ओलीशिवाय पुढं सरकता येत नाही, आणि मधली माती कोरडी ठणठणीत होती. तिच्यातून फक्त बुरशीचा एक पांढरा धागा पलीकडे गेला होता. या बुरशीशी चिमीचं एका कुजक्या पानावरून भांडण झालं होतं. तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

लेकरं मलूल झाली, तेव्हा चिमीच पुढं झाली. "बुरशीबाई, तुमच्या पाठीवर ओल आहे. आम्हाला तिच्यावरून जाऊ द्याल का? त्या दिवशी मी फार बोलले."

बुरशी म्हणाली, "मी तरी कुठं कमी बोलले? लेकरांना पुढं घाल. सावकाश जा, मधे धागा बारीक आहे."

सगळी सुखरूप पोचली. मुळानं अंगावर गाठी करून त्यांना घरं दिली. त्यांनी हवेतून रोपासाठी खत बनवलं आणि पिवळं पडलेलं रोप हिरवं झालं.

मग शेजारच्या ढेकळातल्या जिवाणूंनी भीत भीत विचारलं, "आम्हीही येऊ का?"

"या की," बुरशी म्हणाली, "वाट मोकळीच आहे."