कागदाची कड

एकदा एका वस्तादाच्या गॅरेजमध्ये शर्यतीची एक गाडी उभी होती. वस्तादांनी चाळीस वर्षे इंजिने बांधली होती. या गाडीचे इंजिन मात्र त्यांचा शिष्य निवास याने एकट्याने बांधले होते. ते त्याचे पहिलेच इंजिन. सरावात गाडी प्रत्येक फेरीला इतरांच्या दोन सेकंद मागे पडत होती.

गाडीचे मालक गुळाचे व्यापारी. एके सकाळी ते जड खोके घेऊन आले. आत सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनच्याच बळावर फिरून त्यात हवा दाबून भरणारा भाता.

“बाकीच्यांनी भाते लावले,” ते म्हणाले, “आणि आमची गाडी अजून नाकानंच वारा ओढतीय. वस्ताद, रविवारच्या शर्यतीआधी हा बसवा. नाहीतर इंजिन दुसऱ्याकडं देतो.”

निवासने लगबगीने नट खोलायचे पाने काढले. वस्तादांनी मात्र खोके भिंतीशी सरकवले आणि त्यावर बसून चहा मागवला. मग त्यांनी निवासला हवेची नळी सोडवून, डोळे मिटून, इंजिनच्या हवा ओढणाऱ्या चारही तोंडांत बोट फिरवायला सांगितले.

“नाडी बघताय काय?” व्यापाऱ्यांनी टोमणा मारला.

निवासला आपली परीक्षा चालली आहे असे वाटले. ती चारही तोंडे त्याने स्वतः पंधरा दिवस घासून रुंद केली होती. तरी तो बोट फिरवू लागला, आणि पहिल्याच तोंडाशी बोट अडले. जोडात घातलेल्या पॅकिंगच्या कागदाची कड तांदळाएवढी आत आली होती. बाकीच्या तिन्ही ठिकाणी तेच.

त्याने भिंतीकडे पाहिले. खिळ्याला जुना नमुना लटकत होता. सगळे जण त्यावरूनच पॅकिंग कापत. त्यानेही तसेच कापले होते. तोंडे रुंद झाली, नमुना जुनाच राहिला.

वस्ताद म्हणाले, “भाता वाईट नाही, बाळ. पण आज बसवला असता तर त्यानं वारा या कडेवरूनही रेटून नेला असता. गाडी पळाली असती आणि तुझी चूक तुला कधी कळली नसती. आपल्या श्वासावर चालणारं इंजिन कुठं अडलंय ते मंद होऊन सांगतं. तू त्याचं ऐकण्याआधीच त्याला ढकलायला निघाला होतास.”

निवासने रुंद तोंडांच्या मापाचा नवा नमुना केला आणि त्यावरून नवे पॅकिंग कापले. शनिवारच्या सरावात दोन सेकंदांचे अंतर अर्ध्यावर आले. व्यापाऱ्यांनी घड्याळ दोनदा पाहिले.

“मग या खोक्याचं काय करायचं?”

“पुढच्या हंगामात बसवू. त्याचा दाब कायम सोसायला पिस्टन वेगळे लागतात. तोवर बसायला बरं आहे.”

व्यापारी हसले आणि वस्तादांशेजारी त्याच खोक्यावर टेकले. इंजिन दुसरीकडे देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

निवासने जुना नमुना उतरवला, नव्यावर तारीख लिहिली आणि तो त्याच खिळ्याला अडकवला.

अधिक बळ मागण्यापूर्वी आपणही असे एकदा बोट फिरवून पाहावे.